बांधकामाची उंचीमर्यादा (सँडबॉक्स व्हिडिओ गेम)

सँडबॉक्स प्रकारच्या, म्हणजे खेळाडूने मनाप्रमाणे जग घडवायच्या, व्हिडिओ गेममध्ये ज्या पातळीच्या वर (किंवा खाली) ब्लॉक ठेवता येत नाही, ती पातळी म्हणजे बांधकामाची उंचीमर्यादा. खेळाडू तिला ‘हाइट लिमिट’ किंवा ‘बिल्ड लिमिट’ म्हणतात. ब्लॉकवर ब्लॉक रचून जग घडवण्याचे अनेक खेळ आहेत, पण ही संज्ञा घरोघरी पोहोचली ती माइनक्राफ्टमुळे. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्या खेळाच्या जावा आवृत्तीला (संगणकावरच्या मूळ आवृत्तीला) धरून केले आहे. मर्यादा वाढवण्याचे काम दोन प्रकारे होते. खेळाचे निर्माते नव्या आवृत्तीत ती सर्वांसाठी वाढवतात, किंवा खेळाडू डेटा पॅक (खेळाच्या सेटिंग बदलणाऱ्या फाइलींचा संच) वा मॉड (खेळात फेरफार करणारी जोड) वापरून आपल्यापुरती वाढवून घेतो.

मर्यादा प्रत्यक्ष कशी भेटते ते पाहण्यासारखे आहे. खेळाडू उडी मारतो, पायाखाली ब्लॉक ठेवतो, पुन्हा उडी मारतो आणि असा खांब चढवत जातो. ३१९ या पातळीवरचा ब्लॉक नेहमीसारखा बसतो. पुढच्या क्लिकला मात्र ब्लॉक हातातून सुटतच नाही आणि पडद्याच्या खालच्या भागात बांधकामाची मर्यादा ३१९ असल्याची लाल ओळ उमटते. तिथे छत वगैरे काही नसते. खेळाडू त्या शेवटच्या ब्लॉकवर उभा राहू शकतो, त्याच्याही वर उडू शकतो. अडतो तो फक्त ब्लॉक, कारण त्या जागेला खेळाच्या हिशेबात पत्ताच नसतो.

पत्त्याचा प्रश्न

माइनक्राफ्टमधल्या प्रत्येक ब्लॉकचा पत्ता तीन आकड्यांचा असतो. एक्स आणि झेड हे आडवे, वाय हा उंचीचा. जग १६ × १६ ब्लॉकच्या चौकोनी स्तंभांत विभागलेले असते. अशा एका स्तंभाला चंक म्हणतात. खेळाडू पुढे सरकतो तसे नवे चंक तयार होतात आणि मागचे फाइलमध्ये जाऊन बसतात. आडव्या दिशेला जग असे जवळजवळ हवे तितके वाढू शकते, पण उभ्या दिशेला चंक तळापासून माथ्यापर्यंत एकसंध असतो. त्याची उंची आधीच ठरवावी लागते.

२००९ च्या सुरुवातीच्या क्लासिक आवृत्तीत जग साधारण ६४ ब्लॉक उंच होते. २०१० मध्ये ‘इन्फडेव्ह’ टप्प्यात आडवे जग जवळजवळ अमर्याद झाले आणि उंची १२८ वर स्थिरावली. एका चंकमध्ये १६ × १६ × १२८, म्हणजे ३२,७६८ ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकचा प्रकार लिहायला एक बाइट लागे. त्याची जास्तीची माहिती, आकाशाचा उजेड आणि मशालीसारख्या वस्तूंचा उजेड यांना प्रत्येकी अर्धा बाइट. बेरीज केली तर ब्लॉकमागे अडीच बाइट आणि चंकमागे ८१,९२० बाइट होतात. वर नुसती हवा असली तरी हवेच्या प्रत्येक ब्लॉकला दगडाइतकीच जागा मिळे.

याहून मोठी अडचण क्रमांकाची होती. चंकमधला ब्लॉक शोधण्यासाठी एक्स, झेड आणि वाय जोडून १५ बिटांचा एक क्रमांक बनवला जाई. एक्सला ४ बिट, झेडला ४ आणि वायला ७. सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात. १२८ हा आकडा लिहायचा म्हटले तर आठवा बिट हवा, आणि वायला आणखी एक बिट दिला की मागचे सगळे क्रमांक सरकतात. ‘एक आकडा तर बदलायचा आहे’ असे ज्यांना वाटे, त्यांना हे ठाऊक नसे की त्या आकड्यावर जतन केलेली सगळी जगे उभी होती.

१.२.१ : ऐरण

१ मार्च २०१२ रोजी आलेल्या १.२.१ आवृत्तीने मर्यादा १२८ वरून २५६ केली. त्यासाठी जग साठवण्याची पद्धतच बदलली. नव्या फाइल-रचनेचे नाव ‘अ‍ॅन्व्हिल’, म्हणजे ऐरण. चंकचे उभे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा १६ ब्लॉक उंच, आणि ज्या तुकड्यात हवेशिवाय काही नाही तो लिहायचाच नाही असे ठरवले. त्यामुळे मर्यादा दुप्पट होऊनही सपाट माळरानावरच्या चंकची फाइल दुप्पट झाली नाही. वरचे आकाश फुकटात मिळाले.

मांडणीचा क्रमही उलटला. आधी फाइलमध्ये एकेक उभी रांग पूर्ण होई, मग शेजारची रांग सुरू होई. आता एकेक आडवा थर लिहिला जाऊ लागला. तुकडे पाडायचे तर हे आवश्यकच होते, कारण उभी रांग मध्येच कापता येत नाही, थरांचा गठ्ठा मात्र कुठेही वेगळा करता येतो. जुने जग नव्या आवृत्तीत उघडले की आधी त्याचे रूपांतर होई. ढगही १०८ च्या आसपासच्या पातळीवरून १२८ च्या आसपास नेले गेले.

हा बदल खेळाच्या इतिहासातला सर्वांत कमी दिसलेला आणि सर्वांत जास्त कामी आलेला बदल म्हणावा लागेल. कमी दिसला, कारण जमीन घडवणारी पद्धत तशीच राहिली. डोंगर पूर्वीइतकेच, वरचे १२८ थर रिकामे. ती जागा निसर्गासाठी नव्हती, बांधणाऱ्यांसाठी होती. खेळाने स्वतः ती उंची वापरली ती २०१३ मध्ये १.७.२ आवृत्तीतल्या ‘अ‍ॅम्प्लिफाइड’ जगात. तिथे कडे ढगांच्याही वर जातात. पण मूळ रचना अशी होती की पुढची जवळजवळ दहा वर्षे कोणालाही ती मोडावी लागली नाही.

१.१८ : खाली वाढलेले जग

३० नोव्हेंबर २०२१ च्या १.१८ आवृत्तीत, म्हणजे ‘केव्ह्ज अँड क्लिफ्स’ या अद्यतनाच्या दुसऱ्या भागात, मुख्य जगाची उंची ३८४ झाली. वर ६४ थर वाढले, तळाशीही ६४. आता बांधकाम उणे ६४ पासून ३१९ पर्यंत होते.

तळ शून्याच्या खाली का नेला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सगळी जमीन वर सरकवून शून्यापासून मोजणे अधिक नीटनेटके दिसले असते. पण समुद्राची पातळी ६३ च्या आसपास आहे आणि वर्षानुवर्षे लोकांनी घरे, पूल, खाणी, रेल्वेमार्ग त्याच हिशेबाने बांधलेले आहेत. कागदावर टिपून ठेवलेल्या जागा, आज्ञावलीत लिहिलेले पत्ते, सगळे त्या पातळीला धरून. जमीन जागीच ठेवून उणे आकडे वापरल्यामुळे कोणाचेही घर हवेत तरंगले नाही आणि कोणाची टिपणेही चुकली नाहीत. जुन्या खेळाडूंचा इतका विचार केलेला निर्णय सॉफ्टवेअरच्या जगात क्वचित पाहायला मिळतो.

काम मात्र सोपे नव्हते. वाढीव उंची आधी १.१७ च्या चाचणी-आवृत्त्यांत आली होती. पण एप्रिल २०२१ मध्ये निर्मात्यांनी अद्यतन दोन भागांत विभागले, चाचणीतली उंची परत पूर्ववत केली आणि हा बदल वर्षअखेरीला ढकलला. जुन्या जगांचा प्रश्न दुहेरी होता. आधीच खोदलेल्या चंकच्या तळाशी, शून्य पातळीवर, बेडरॉकचा अभेद्य थर होता. नव्या आवृत्तीत तो काढून त्या जागी डीपस्लेट हा काळसर दगड येतो आणि खाली ६४ थरांच्या नव्या गुहा तयार होतात. दुसरी अडचण कडेची. जुने चंक संपतात तिथे नवा उंच डोंगर सुरू झाला तर सरळ कापलेली भिंत दिसते, आणि याआधीच्या बदलांत तशी ती दिसतही असे. १.१८ मध्ये नवी जमीन जुन्या कडेशी हळूहळू जुळवून घेण्याची सोय आली. जुन्या जगात चालत जाताना सांधा कुठे आहे ते आता सहज सापडत नाही.

नेदर आणि एंड या दोन परिमाणांची (मुख्य जगाखेरीजच्या वेगळ्या जगांची) उंची या बदलात होती तशीच राहिली. मोबाइल, कन्सोल वगैरेंसाठीच्या ‘बेडरॉक’ नावाच्या आवृत्तीतही मुख्य जग ३८४ झाले, पण तिथला नेदर १२८ वरच आहे.

किती भार पडतो

खेळाडूच्या भोवती दहा चंकपर्यंतचे जग दिसत असेल तर २१ × २१ म्हणजे ४४१ चंक एका वेळी स्मृतीत असतात. १२८ उंचीला हे सुमारे १ कोटी ४४ लाख ब्लॉक होतात. ३८४ उंचीला तेच ४ कोटी ३३ लाख होतात. रिकामे तुकडे वगळले आणि प्रत्येक तुकड्यात फक्त वापरलेल्या ब्लॉकप्रकारांची छोटी यादी ठेवून तिच्यातले क्रमांक लिहिले, की भार बराच उतरतो. सध्याच्या आवृत्त्या असेच करतात. मात्र १.१८ मध्ये तळाला वाढलेले थर रिकामे नाहीत, ते दगडाने आणि गुहांनी भरलेले आहेत. आकाश वाढवणे स्वस्त असते, पाताळ वाढवणे महाग.

स्वतः वाढवणे

पूर्वी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कमाल उंचीची एक ओळ असे, पण तिच्याने मर्यादा कमीच करता येई, २५६ च्या वर नेता येत नसे. आता डेटा पॅकमध्ये परिमाणाच्या प्रकाराची फाइल लिहून तळाची पातळी आणि एकूण उंची ठरवता येते. दोन्ही आकडे १६ च्या पटीत हवेत, कारण तुकडा १६ चा. तळ जास्तीत जास्त उणे २०३२ पर्यंत नेता येतो आणि एकूण उंची ४०६४ पर्यंत.

४०६४ हा विचित्र दिसणारा आकडा पुन्हा पत्त्यातूनच येतो. ब्लॉकचा पूर्ण पत्ता ६४ बिटांत बांधला जातो. एक्सला २६, झेडला २६ आणि उरलेले १२ वायला. बारा बिटांत ४०९६ पातळ्या मावतात. दोन्ही टोकांना १६-१६ सोडल्या की ४०६४ उरतात. जगाची आडवी सीमा मध्यापासून सुमारे ३ कोटी ब्लॉकवर आहे, आणि २६ बिटांत त्याहून फार पुढे जाताच येत नाही.

एवढी फाइल बदलून थांबणाऱ्यांची निराशा होते. मर्यादा वाढते, पण डोंगर वाढत नाहीत, कारण जमीन घडवणाऱ्या सेटिंगमध्ये तळ आणि उंची वेगळी लिहिलेली असते. तीही बदलावी लागते. तिसरा आकडा ‘लॉजिकल हाइट’चा. पोर्टल (एका जगातून दुसऱ्यात जाण्याचे दार) किती उंचीपर्यंत जुळावे आणि कोरस फळ खाल्ल्यावर खेळाडू कुठवर फेकला जावा हे तो ठरवतो. नेदरमध्ये बांधकाम २५६ पर्यंत होते, पण हा आकडा १२८ आहे. उंची वाढवण्यापेक्षा कमी करताना अधिक सावध राहावे. नव्या मर्यादेबाहेर पडलेले बांधकाम कायमचे जाण्याचा धोका असतो. कुठल्याही बदलाआधी जगाची प्रत बाजूला काढून ठेवावी.

एक ब्लॉक म्हणजे एक मीटर धरले तर ३३० मीटरचा आयफेल टॉवर समुद्रपातळीपासून आजही मावत नाही. तिथून वर २५७ च ब्लॉक मिळतात. सपाट जगात मात्र जमीन तळाशी असते, ३८० ब्लॉक मोकळे असतात आणि टॉवर पूर्ण उभा राहतो. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफासाठी डेटा पॅक लागतो. एव्हरेस्टला तोही पुरत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘बिल्ड द अर्थ’ या पृथ्वी एकास-एक प्रमाणात बांधण्याच्या उपक्रमाने म्हणूनच ‘क्यूबिक चंक्स’ हा मॉड घेतला. त्यात चंक स्तंभ न राहता १६ × १६ × १६ चा घन होतो आणि वर-खालीही आडव्यासारखाच मागेल तसा तयार होतो.

परिणाम

उंची वाढल्याचा सर्वांत अनपेक्षित फटका मॉब फार्म (राक्षस प्रकट होऊन त्यांच्याकडून वस्तू मिळाव्यात यासाठीची बांधकामे) बांधणाऱ्यांना बसला. राक्षस कुठे प्रकट व्हावा हे ठरवताना खेळ एक उभी रांग निवडतो, मग जगाच्या तळापासून त्या रांगेतल्या सर्वांत वरच्या ब्लॉकच्या माथ्यापर्यंत कुठलीही एक पातळी काढतो. ती पातळी फार्मच्या मजल्यावर पडली तरच उपयोग. तळ ६४ ने खाली गेल्यावर निवडीच्या जागा वाढल्या, मजले तेवढेच राहिले, आणि एकही ब्लॉक न हलवता जुन्या फार्मचे उत्पन्न घटले. फार्मच्या डोक्यावर ३१९ वर छत टाकणाऱ्याचेही असेच नुकसान होते.

उजेडाचे गणित याहून कठीण आहे. आकाशाचा उजेड १५ या पूर्ण पातळीने सरळ खाली येतो, कितीही खोल गेला तरी कमी होत नाही. आडवा पसरताना मात्र ब्लॉकमागे एकने घटतो. माथ्यावर मोठे व्यासपीठ बांधले की त्याच्या सावलीतली प्रत्येक रांग जमिनीपर्यंत पुन्हा मोजावी लागते. ठरावीक उंचीच्या चंकमध्ये हे निदान शक्य असते, कारण सगळी रांग हाताशी असते आणि माथा कुठे आहे ते माहीत असते.

घनाकार चंकमध्ये तो माथाच हरवतो. वरच्या कुठल्यातरी न उघडलेल्या घनात छत असेल किंवा नसेलही, मग या ब्लॉकवर ऊन पडते की नाही? २०१० पासून विकसित होत असलेला, आता ‘लुआन्ती’ नावाने ओळखला जाणारा मुक्तस्रोत ‘माइनटेस्ट’ हा असाच ब्लॉकचा खेळ पहिल्यापासून घनांवर चालतो. तिथे वर आणि खाली दोन्हीकडे सुमारे ३१,००० ब्लॉक मिळतात आणि उंचीमर्यादेची तक्रार उरत नाही. पण तिथल्या जगात अधूनमधून भर दिवसा मोकळ्या जमिनीवर काळे चौकोनी डाग दिसतात. ते डाग पुसण्यासाठी खेळात ‘फिक्सलाइट’ नावाची आज्ञा दिलेली आहे. ती दिली की निवडलेल्या भागातला उजेड नव्याने मोजला जातो.