नैतिक चांगुलपणा : उपजत की कमावलेला

माणसाचा चांगुलपणा त्याच्या स्वभावातच असतो की शिक्षण, सवय आणि आत्मपरिवर्तन यांतून तो घडतो, हा नीतिशास्त्रातील जुना वाद. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे म्हणणारेच वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथाही तितक्याच विश्वासाने सांगतात.

वादाची सर्वांत नेमकी मांडणी प्राचीन चीनमध्ये झाली. इ. स. पू. चौथ्या शतकातील चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसच्या मते, विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कोणाचेही काळीज हलते, आणि त्यामागे नावलौकिकाचा हिशेब नसतो. करुणा, लज्जा, विनय व बऱ्यावाइटाची जाण यांचे अंकुर प्रत्येकात असतात. पुढच्या शतकात शुन्त्स या चिनी तत्त्वज्ञाने नेमके उलट सांगितले : स्वभाव मुळात वाईट, चांगुलपणा हे जाणीवपूर्वक केलेल्या श्रमांचे फळ. पण अंकुरांना मशागत लागते हे मेन्सियसही मानतो, आणि रस्त्यावरचा कोणीही माणूस संतपदाला पोचू शकतो असे शुन्त्सही म्हणतो. प्रयत्न हवेत यावर दोघांचे दुमत नाही. ॲरिस्टॉटलने मधली वाट धरली. सद्गुण ग्रहण करण्याची क्षमता निसर्गदत्त असते, पण न्यायाने वागत राहूनच माणूस न्यायी होतो.

तिसरे उत्तर भक्तीच्या परंपरांतून येते. माणूस स्वबळावर सन्मार्गी होऊ शकतो हे ख्रिस्ती साधू पेलेजियसचे मत ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने खोडून काढले आणि ईश्वरी कृपा अत्यावश्यक मानली. ४१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसचे मत निषिद्ध ठरवले. ज्ञानेश्वरांचे पसायदानही (१२९०) ‘खळांची व्यंकटी सांडो’ असे मागते. खळांचा नाश त्यात मागितलेला नाही. वाकडेपणा गळून पडू शकतो, तेव्हा तो स्वभावाचा अटळ भाग नव्हे, हे येथे गृहीत आहे. मात्र तो गळावा म्हणून हात जोडले आहेत ते देवापुढे.

खरी अडचण श्रेयाची आहे. ज्याला दया सहज येते तो श्रेष्ठ, की जो मनाशी झगडून दयाळूपणे वागतो तो? जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७८५ मधील विवेचनात, दुःखाने मन बधिर झालेला आणि तरीही केवळ कर्तव्य म्हणून मदत करणारा माणूस खरे नैतिक मोल मिळवतो. ॲरिस्टॉटलला हे पटले नसते : चांगले वागताना ज्याला आनंद होत नाही, तो त्याच्या लेखी अजून पुरता चांगला झालेलाच नाही. दैनंदिन व्यवहारात आपण दोन्ही मापे वापरतो. मित्र निवडताना ॲरिस्टॉटलचे, सत्कार करताना कांटचे.

वाद प्रयोगशाळेतही गेला. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की सहा आणि दहा महिन्यांची बाळे दुसऱ्याला टेकडी चढायला मदत करणाऱ्या लाकडी आकृतीकडे हात नेतात, आडकाठी करणाऱ्या आकृतीकडे नाही. अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुढे केलेल्या मोठ्या फेरतपासणीत मात्र हा कल आढळला नाही. आणि तो आढळला असता, तरी त्यातून बाळाला मदत करणारा आवडतो एवढेच सिद्ध झाले असते. ते स्वतः मदत करेल की नाही, हे नव्हे.