फॉसिल शोधायला जड हातोडा लागतोच, हा गैरसमज

फॉसिल (दगडात जपले गेलेले प्राचीन जीवांचे अवशेष) शोधायला जायचं म्हणजे आधी जड हातोडा घ्यायचा आणि कड्यावर घाव घालायचे, हे इतक्या वर्षांपासून फिरतंय की नवीन लोक खरेदीच तिथून सुरू करतात. इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या चारमथ किनाऱ्यापुरतं तरी हे साफ चुकीचं आहे.

तिथला कडा बराचसा ज्युरासिक काळातल्या मऊ मडस्टोनचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या दगडाचा, पाऊस पडला की चिखल होऊन घसरतो, मग लाटा तो धुवून नेतात आणि अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे नामशेष समुद्री जीव), बेलेमनाइट (माखलीसारख्या नामशेष जीवांचे गोळीसारखे अवशेष) वाळूगोट्यांत मोकळे पडतात. म्हणजे फोडायचं काम समुद्रच करतो, आपण ओहोटीला वाकून नीट बघायचं. पायराइटचे (सोनेरी चमकणाऱ्या लोहखनिजाचे) अमोनाइट तर कधीकधी नखाएवढे असतात, त्यांच्यावर घाव घातला तर हातात चुराच येणार!

मऊ दगडाला जुनी बोथट सुरी, छोटी थापी, दात घासायचा जुना ब्रश आणि गुंडाळायला टिश्यू, एवढं पुरतं. हातोडा लागतो तो किनाऱ्यावर सुट्या पडलेल्या चुनखडीच्या कठीण गोट्यांसाठी, आणि तोसुद्धा जिऑलॉजिकल हॅमरच (दगड फोडण्यासाठी बनवलेला हातोडा) घ्या, घरातला खिळे ठोकायचा नको, दगडावर त्याच्या पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. सेफ्टी गॉगल तर हवाच हवा.

आणि प्लीज, कड्याच्या पायथ्याशी ठोकत बसू नका, तिथे वरून दरड कधीही येते.