पार्श्वभूमी : विरघळवलेलं कायटिन, सुटं केलेलं कायटिन

आषाढात गगनबावडा-राधानगरीकडचे खेकडे कोल्हापूरच्या बाजारात येतात. रस्सा झाला की कवचं टाकून दिली जातात. त्यातलं एक धुऊन व्हिनेगरमध्ये ठेवून बघा. लगेच बारीक बुडबुडे धरतात. व्हिनेगर बदलत राहिलं, की काही दिवसांत तेच कडक कवच बोटानं वाकतं. चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, निघून गेलेला असतो आणि मागे प्रथिन आणि कायटिन, म्हणजे कवचातला लांब साखळ्यांचा तंतुमय पदार्थ, उरतं. कायटिनच्या नॅनोतंतूंपासून, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंपासून, हायड्रोजेल (भरपूर पाणी धरून ठेवणारं जेल) करतानाही सुरुवात अशीच होते. फक्त तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि प्रथिन काढायला कॉस्टिक सोडा.

कायटिन हा पदार्थ आधी सापडला तो अळंबीत. 1811 साली फ्रान्समधल्या नान्सीच्या आंरी ब्राकोनो यांनी तो वेगळा केला. 1823 मध्ये ओगूस्त ओडिए यांना तो भुंगेऱ्याच्या पंखकवचात मिळाला आणि अंगरख्याच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला 'कायटिन' म्हटलं. 1859 मध्ये शार्ल रूजे यांनी तो तीव्र अल्कलीत (कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थात) उकळला, तेव्हा आम्लात विरघळणारं रूप हाती आलं. त्याचं 'कायटोसान' हे नाव 1894 चं, होप-झायलर यांनी दिलेलं.

पुढे बराच काळ खटाटोप चालला तो कायटिन विरघळवण्याचा. ते पाण्यात विरघळत नाही, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. लिथियम क्लोराइड मिसळलेल्या डायमिथाइल अॅसिटमाइडसारख्या द्रावकात ते विरघळतं, त्यातून जेलही होतं. पण विरघळताना निसर्गानं रचलेले स्फटिक मोडतात, आणि बळ होतं ते त्या स्फटिकांतच. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच आहे.

वळण आलं ते 2008-09 च्या सुमारास, जपानमध्ये. टोकियोत इसोगाई यांच्या गटानं कायटिनच्या पृष्ठभागावर विद्युतभार आणून तंतू एकमेकांपासून दूर ढकलले. 2009 मध्ये इफुकू आणि सहकाऱ्यांनी खेकड्याच्या कवचातला चुना आणि प्रथिन काढलं, ते एकदाही सुकू दिलं नाही आणि दोन दगडी चकत्यांमध्ये दळलं. थेट आपल्या जात्याचीच रचना. 10 ते 20 नॅनोमीटर रुंदीचे एकसारखे तंतू निघाले. ते कुणी घडवले नव्हते. कवचात प्रथिनात गुंडाळलेले होतेच, ते सुटे झाले. ओलं ठेवण्याचं कारण साधं आहे. सुकताना तंतू एकमेकांना असे चिकटतात, की पुन्हा सुटत नाहीत. नंतर दिसलं, की थोडं अॅसिटिक आम्ल घातलं तर सुकलेल्या कायटिनचेही तंतू सुटे होतात, कारण त्यातले मोजके अमिनो गट धनभारित होऊन एकमेकांना ढकलतात.

जेल बनतं तेही याच भाराच्या खेळातून. गुऱ्हाळात काहिलीत ठेचलेल्या भेंडीचं पाणी ओततात, ते हातावर घेऊन बघा. त्यातल्या लांब साखळ्या पाणी धरतात, पण त्या लवचीक आणि सैल असल्यानं ते ओघळतं. कायटिनचे तंतू ताठ असतात. वजनानं शेकडा एखादा भाग तंतू आणि बाकी पाणी, एवढ्यावरही जाळं उभं राहतं. आम्लातलं असं पातळ मिश्रण सिरिंजमधून ढकललं की वाहतं, दाब गेला की थिजतं. त्यावर अमोनियाची वाफ सोडली की भार नाहीसा होतो, तंतू जवळ येऊन हायड्रोजन बंधांनी जोडले जातात आणि जेल आपला आकार धरतं. वेगळं जोडरसायन घालावं लागत नाही. जखमेवरच्या पट्टीसाठी किंवा पेशी वाढवण्यासाठी या जेलांचा विचार होतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

तरी साधं जेल दाबलं की पाणी सोडतं आणि तुटतं. त्यावरचा एक उपाय 2014 मध्ये क्योटोहून आला, आणि तो खेकड्याच्या नव्हे तर म्हाकुळाच्या कायटिनवर होता. खेकड्याच्या अल्फा कायटिनमध्ये शेजारच्या साखळ्या उलटसुलट दिशांना असतात आणि बांधणी घट्ट असते. म्हाकुळाच्या बीटा कायटिनमध्ये त्या एकाच दिशेला असतात, त्यामुळे पाणी आणि अल्कली सहज आत शिरतात. कॉस्टिक सोड्यात हे तंतू फुगतात, शेजारी शेजाऱ्यात गुंतत जातात, आणि सोडा धुऊन टाकल्यावर ती गुंतवण पक्की होऊन चिवट जेल उरतं. रत्नागिरीहून घाट चढून आलेलं म्हाकूळ साफ करताना आपण जो पारदर्शक, पिसासारखा कणा ओढून फेकतो, त्यात हेच बीटा कायटिन असतं, आणि चुना जवळजवळ नसतोच.