पितळी टाकीच्या पोटाखाली काय लिहिलंय?

रॉकेल नुसतं ओतलं आणि काडी लावली तर सहजासहजी पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. पंपाच्या स्टोव्हची सगळी करामत या एका गोष्टीवर उभी आहे. जुने स्टोव्ह जमवणारी मंडळी एखादा नग हातात घेऊन इतका वेळ न्याहाळत का बसतात, तेही इथूनच कळतं.

स्टोव्ह पेटवायची रीत आपल्याकडच्या जुन्या पिढीला पाठ आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरच्या मानेला लावायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा आणि मग पंप मारायचा. हवेच्या दाबानं टाकीतलं रॉकेल नळीतून वर चढतं आणि तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. ही वाफ निप्पलच्या जेमतेम ०.३ मिलिमीटरच्या भोकातून सुसाट बाहेर पडते. जाताना ती आजूबाजूची हवा ओढून घेते. हवा पुरेशी मिसळली की काजळी धरत नाही आणि ज्योत निळी होते. त्याच ज्योतीची आंच बर्नरला मिळत राहते, म्हणून पुढचं रॉकेल आपोआप वाफ होऊन येतं. काकड्याचं काम फक्त सुरुवातीपुरतं. घाईनं, बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला, की वाफेऐवजी रॉकेलच बाहेर उडतं आणि पिवळा, धुरकट भडका होतो.

स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं १८९२मध्ये ही युक्ती स्वयंपाकाच्या चुलीत बसवली आणि ‘प्रायमस’ जन्माला आला. त्याआधी दशकभर स्टॉकहोमजवळ कार्ल रिचर्ड न्यूबर्गचा ब्लोलॅम्प याच तत्त्वावर चालत होता. पण ती आडवी फेकली जाणारी ज्योत सोल्डरिंगच्या कामाची होती. तिच्यावर भांडं ठेवता येईल अशी उभी रचना झाली आणि मोहिमांवरचं जेवण बदलून गेलं. नॉर्वेचा नान्सेन १८९३मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघाला तो प्रायमस घेऊन. स्वीडनचा आंद्रे १८९७मध्ये बलूनमधून तिकडेच निघाला आणि परतलाच नाही. त्याच्या तुकडीचे अवशेष १९३०मध्ये आर्क्टिकमधल्या क्वितोया बेटावर सापडले. तिथल्या स्टोव्हच्या टाकीत रॉकेल शिल्लक होतं आणि पंप मारल्यावर ते बाहेरही आलं. बर्फात ३३ वर्षं पडून राहिलेल्या यंत्रानं पुन्हा कामाला लागावं, हे मला आजही थक्क करतं.

थंडीत हाच स्टोव्ह का चालतो, याचं कारण साधं आहे. छोट्या गॅसस्टोव्हच्या डब्यात भरतात तो ब्यूटेन वायू उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे त्याहून जास्त गारठ्यात नुसत्या ब्यूटेनच्या डब्यात पुरेसा दाबच तयार होत नाही. रॉकेलच्या स्टोव्हचा दाब माणसाच्या हातातून येतो, हवामानाशी त्याचं देणंघेणं नाही. शिवाय हिमशिखरांवर पाणी म्हणजे आधी बर्फ वितळवणं. शून्य अंशाचा किलोभर बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात किलोभर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. त्यामुळे दणदणीत आंच देणारी चूल तिथे जीव वाचवते. २९ मे १९५३च्या पहाटे एव्हरेस्टवरच्या शेवटच्या तंबूत हिलरींचे बूट गोठून लाकडासारखे कडक झाले होते. ते स्टोव्हवर धरून मऊ केल्यावरच ते आणि तेनसिंग शिखराकडे निघाले.

आता मोलाविषयी. नवख्याला वाटतं, जेवढा जुना तेवढा महाग. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं कोलमन कंपनीकडे सैनिकाच्या पाठपिशवीत मावेल असा स्टोव्ह मागितला. दुधाच्या बाटलीएवढा, मिळेल त्या इंधनावर चालणारा. १९४२पासून तो इतका निघाला, की आजही सहज मिळतो आणि नुसत्या वयावर त्याला मोठा भाव येत नाही. त्याची ॲल्युमिनियमची डबी, हत्यारं आणि सुटे भाग सगळं जागच्या जागी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. स्वीडनच्या स्वेआ १२३चंही तसंच. हा १९५५चा छोटा, पंप नसलेला पेट्रोलचा स्टोव्ह. त्याची टाकी स्वतःच्याच आंचेनं तापते आणि आतल्या पेट्रोलच्या वाफेनं दाब तयार होतो. त्याचं टोपण हाच पेला, आणि साखळीला लावलेली किल्ली हीच ज्योत कमी-जास्त करायची चावी. चार प्रवासांत किल्ली हरवते, पेला चेपतो. म्हणून दोन्ही शाबूत असलेला नग संग्राहक जपून ठेवतात.

टाकी उलटी करून पाहण्यात खरी गंमत आहे. प्रायमस कंपनीनं १९११पासून टाकीवर वर्ष सांगणारं अक्षर ठोकायला सुरुवात केली. ‘ए’ म्हणजे १९११, ‘बी’ म्हणजे १९१२. त्या एका अक्षरावरून बर्नर त्याच काळातला आहे की मागाहून बसवलेला, हे ताडता येतं. म्हणूनच लखलखीत घासून ठेवलेला स्टोव्ह पाहिला की मला वाईट वाटतं. पॉलिशच्या प्रत्येक घासणीबरोबर थोडं पितळ जातं आणि अक्षर पुसट होत जातं. एकदा गेलं की परत येत नाही.

चकाकीचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा उलगडा भारतामुळे झाला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं इथल्या पावसाळ्यात, तबेल्यांत ठेवलेली असताना कोणताही मार न बसता चिरत असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा हे कारण निघालं. १९२१मध्ये त्याची शास्त्रीय मांडणी झाली. पत्रा ओढून-दाबून आकार दिला की पितळात ताण अडकून राहतो. अमोनिया तांब्याशी विरघळणारं संयुग बनवतो, धातूच्या कणांमधल्या सीमा पोखरतो आणि तो ताण तिथे फट पाडतो. स्टोव्हची टाकीही अशीच दाबून घडवलेली असते. काही नावाजलेल्या ब्रास पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि आपल्याला वाटतं आपण टाकीची सेवा करतोय!

त्यापेक्षा आपल्या घरची चिंच किंवा लिंबू बरं. सौम्य आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. पण तिथेही हात आवरता हवा. आम्लात बराच वेळ भिजलं की पितळातलं जस्त निघून जातं, तांबं उरतं आणि टाकीवर गुलाबी डाग उमटतात. जाणकार असा नग लगेच बाजूला ठेवतो. काळवंडलेली पण धड टाकी केव्हाही चांगली.

आपल्याकडेही जुन्या बाजारात पितळी पंपाचे स्टोव्ह मोडीच्या भावानं मिळतात. पंपातला कातडी वॉशर सुकून आकसलेला असेल तर काळजी नको. तेलाचे दोन थेंब पाजले की तो फुगतो आणि पुन्हा हवा धरतो. जुन्या काकड्यात किंवा सांधे बंद करणाऱ्या गॅस्केटमध्ये फुफ्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते खरवडू नका, फुंकू नका. आणि रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही घालू नका. घेण्याआधी एक चाचणी जरूर करा. टाकी रिकामी करा, तोंडं बंद करा, थोडा पंप मारा आणि स्टोव्ह पाण्याच्या बादलीत बुडवा. बर्नरच्या बुडाशी किंवा तळाच्या कडेला बुडबुड्यांची बारीक रेघ उठली, तर तिथे चीर आहे. तो नग शोभेला ठेवा, पेटवू नका.