हौशी क्रीडासंघांचे व्यक्तिछायाचित्रण

हौशी क्रीडासंघांचे व्यक्तिछायाचित्रण : शाळा, महाविद्यालय किंवा क्लबच्या संघातील प्रत्येक खेळाडूचे गणवेशात, बहुधा खेळाच्या साहित्यासह, स्वतंत्र छायाचित्र काढण्याची पद्धत. ही छायाचित्रे ओळखपत्रे, स्मरणिका, सूचनाफलक आणि घरच्या भिंतींसाठी वापरली जातात. व्यावसायिक खेळाडूला कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची सवय असते. हौशी खेळाडूला मात्र हातांचे काय करावे इथपासून प्रश्न पडतो. शिवाय सराव सुरू होण्याआधीच्या थोड्या वेळात सगळा संघ उरकायचा असतो. या प्रकारातले बहुतेक तंत्र या दोन अडचणींतून घडले आहे.

१८५१ मध्ये आलेल्या ओल्या कोलोडियन काचांवर (रासायनिक थर ओला असतानाच वापरायच्या छायाचित्रण-काचांवर) प्रतिमा उमटायला बहुधा काही सेकंद लागत, त्यामुळे खेळाडूला निश्चल बसवणे किंवा उभे करणे भाग होते. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डे मिळत. त्यांतल्या अनेक छायाचित्रांत चेंडू स्टुडिओच्या छतातून दोरीने टांगला आहे आणि खेळाडू तो झेलण्याचा आव आणत आहे. काही कार्डांवर दोरी स्पष्ट दिसते. ते खेळाडू व्यावसायिक होते, पण खेळण्याचा आविर्भाव करावा की नुसते उभे राहावे हा पेच हौशी संघांपुढे आजही आहे. नुसते उभे राहणे बहुधा चांगले ठरते. चेंडू कमरेवर टेकवलेला, बॅट खांद्यावर, एक गुडघा जमिनीवर अशा साध्या ठेवणीत हातांना काम मिळते आणि चेहरा मोकळा होतो.

साहित्याची पकड खेळाडूच्याच पद्धतीची हवी. डावखुऱ्याच्या हाती छायाचित्रकाराने उजव्या पद्धतीने बॅट दिली, तर सगळा संघ वर्षभर हसतो. चित्र संगणकावर उलटवून ही चूक सुधारत नाही, कारण जर्सीवरचा क्रमांकही उलटा होतो.

पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मि.मी. फिल्मएवढा संवेदक असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ ते १३५ मि.मी. नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) भिंगे सोयीची पडतात. कमी नाभीय अंतराच्या भिंगाने चौकट भरायला जवळ जावे लागते आणि त्या जवळिकीमुळे नाक मोठे दिसते. लहान मुलांसाठी कॅमेरा त्यांच्या उंचीला आणावा. वरून घेतलेल्या चित्रात ती आणखी लहान दिसतात.

मैदानावर मुख्य झगडा उन्हाशी असतो. सूर्य समोर असेल तर डोळे मिचकावले जातात आणि टोपीच्या किंवा हेल्मेटच्या कडेची सावली नेमकी डोळ्यांवर पडते. म्हणून खेळाडूला सूर्याकडे पाठ करून उभे करतात आणि चेहरा फ्लॅशने उजळतात. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश १/२०० किंवा १/२५० सेकंद एवढ्या शटरवेगापर्यंतच सरळ जुळतो. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० एवढा कमी ठेवूनही त्या वेगाला भिंगाचे छिद्र एफ/११ च्या आसपास, म्हणजे बरेच लहान, करावे लागते आणि लहान छिद्रामुळे मागचे कुंपण, गाड्या, पाण्याचे पिंप सगळे स्पष्ट दिसू लागते. यावर उपाय तीन : प्रकाश कमी करणारा राखाडी फिल्टर, अतिवेगी फ्लॅश-जुळणी (त्याहून जलद शटरवेगालाही फ्लॅश चालवण्याची सोय) किंवा सरळ झाडाची सावली गाठणे. तिसरा फुकट आहे आणि अनेकदा सर्वांत चांगला. पांढऱ्या गणवेशात मात्र कापडाचा पोत उडणार नाही, अशा बेताने प्रकाश मोजावा लागतो.

दोन्ही बाजूंनी मागून कडक प्रकाश, गडद पार्श्वभूमी आणि कपाळावर आठ्या अशी जाहिरातवजा शैली लोकप्रिय आहे. मोठ्या मुलांना ती आवडते. पण आठ वर्षांच्या गोलरक्षकाला योद्धा केले, की चित्रात तो मुलगा उरत नाही.

एका चांगल्या चित्रापेक्षा वीस सारखी चित्रे काढणे अवघड असते. त्यासाठी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवतात, खेळाडूच्या पायांची जागा चिकटपट्टीने आखतात आणि प्रकाशमान (एक्स्पोजर) व रंगसमतोल (व्हाइट बॅलन्स) हाताने पक्का करतात. ढग आले-गेले की मोजणी पुन्हा करतात. प्रत्येकाच्या पहिल्या चित्रात नाव लिहिलेली पाटी घेतली, तर पुढे ओळख पटवताना गोंधळ होत नाही. पहिला उभा राहणारा खेळाडू धीट असावा, कारण रांगेतले बाकीचे त्याचे पाहूनच उभे राहतात. चौकटीत कडेने जागा सोडावी लागते. कॅमेऱ्याची चौकट सहसा ३:२ प्रमाणाची असते, तर ८×१० इंची छपाईत लांबीकडचा भाग कापला जातो आणि बुटांचा बळी जातो.

अल्पवयीन खेळाडूंसाठी पालकांची संमती आधी घेतात आणि सार्वजनिक ठिकाणी चित्रासोबत पूर्ण नाव देणे टाळतात.

पार्श्वभूमी नंतर बदलायची असेल तर हिरवा पडदा वापरतात आणि संगणकावर तो हिरवा रंग काढून टाकतात. मात्र जर्सी हिरवी असेल तर तीही पडद्याबरोबर गायब होते, म्हणून अशा संघासाठी राखाडी पडदा बरा. गैरहजर खेळाडूचे चित्र पुढे काढून संचात बसवायचे असते. त्यासाठी दिव्यांची उंची, अंतर आणि कॅमेऱ्याची मापे त्याच दिवशी टिपून ठेवतात.