रिपोर्टमधला ‘एच’: रकाना एक, रेषा दोन

रक्ताचा रिपोर्ट फोनवर येतो, एका आकड्यापुढे ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’, दिसतो आणि माणूस डॉक्टरांच्या आधी इंटरनेटला विचारतो. पुढची रात्र कशी जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. लॅब बदलली की रेंज थोडी बदलते, हेही ऐकून असाल.

घोळ वेगळाच आहे. रेंजच्या एकाच रकान्यात दोन जातींच्या रेषा छापलेल्या असतात.

पहिली गर्दीतून काढलेली. धडधाकट माणसांचं रक्त तपासायचं, मधले 95 टक्के आकडे ठेवायचे, वरचे अडीच आणि खालचे अडीच टक्के सोडायचे. झाली रेंज! सोडलेलेही धडधाकटच होते, हे रिपोर्टवर कुठे लिहिलेलं नसतं. एमसीएच (एका तांबड्या पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन), एमपीव्ही (प्लेटलेटचा सरासरी आकार) वगैरे मंडळी याच जातीची. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा 20 तपासण्या निरोगी माणसाच्या केल्या, तरी किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे 64 टक्के निघते. म्हणून ‘नॉर्मल रेंज’ या शब्दावर माझा राग आहे. बाहेरचा तो लगेच ‘अॅबनॉर्मल’ ठरतो, आणि तो शब्द आजारासारखाच ऐकू येतो.

दुसरी रेषा धोका पाहून आखलेली. उपाशीपोटी साखर 126 किंवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) 6.5 टक्के हा मधुमेहाचा उंबरठा, कारण साधारण तिथून पुढे डोळ्यांच्या पडद्याचे विकार वाढलेले दिसतात. इथे गर्दीचा संबंध नाही. निम्मी माणसं रेषेपलीकडे गेली तरी ती हलत नाही. अर्थात लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान होत नाही, खात्री करून घ्यावी लागते.

पहिल्या रेषेबाहेरचं सगळं बिनघोर, असं मी म्हणत नाही. किती बाहेर, आणि मागच्या रिपोर्टपेक्षा किती हलला, हे बघायचं. आकडा खरंच जिवावरचा असला, पोटॅशियम भलतंच चढलेलं असलं, तर चांगली लॅब स्वतःहून डॉक्टरांना फोन करते.

माझा एमपीव्ही रेंजच्या जरासा वर होता. त्यापायी मी रात्री दोनपर्यंत जागा. सकाळी डॉक्टरांनी त्या ओळीकडे पाहिलंही नाही. बोट ठेवलं ते उपाशीपोटीच्या साखरेच्या 114 वर: मधुमेह नव्हे, पण त्याच्या वाटेवर. तिथेही ‘एच’ होताच, पण तो मी ‘थोडीशीच आहे’ म्हणून सोडून दिला होता.