आर्चेस राष्ट्रीय उद्यान

आर्चेस राष्ट्रीय उद्यान : अमेरिकेच्या युटा राज्यातील, तांबड्या वालुकाश्माच्या नैसर्गिक कमानींसाठी प्रसिद्ध असलेले वाळवंटी संरक्षित क्षेत्र. कोलोरॅडो पठारावर, मोआब गावाच्या उत्तरेस सुमारे ३१० चौ. किमी. क्षेत्रात ते पसरले आहे. १९२९ मध्ये त्यास राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. येथे २,००० पेक्षा जास्त कमानींची नोंद झाली आहे. खडकातील आरपार भोक कोणत्यातरी एका दिशेने किमान ३ फूट (सुमारे ९० सेंमी.) असेल, तरच ती कमान म्हणून मोजतात.

या कमानींचे मूळ जमिनीखालच्या मिठात आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी येथील खोलगट भागात समुद्राचे पाणी वारंवार शिरले आणि आटले. मागे मिठाचे जाड थर साचले. त्यांवर पुढे वाळू-गाळाचे खडक तयार झाले. दाबाखाली मीठ घट्ट राहत नाही, ते सरकते आणि फुगून वर येते. त्यामुळे वरचे खडक उचलले गेले व त्यांना समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावत गेल्या आणि मध्ये उभ्या, अरुंद भिंती उरल्या. पावसाचे पाणी वाळूच्या कणांना जखडून ठेवणारा चुना विरघळवते, हिवाळ्यात भेगांत गोठून प्रसरण पावते आणि खडकाचे टवके उडवते. भिंतीचा खालचा नरम भाग आधी झिजला, की भोक पडते. कमानी वाऱ्याने कोरल्या असे पुष्कळदा सांगितले जाते. खरा वाटा पाण्याचा आहे, तोही वर्षाला जेमतेम २५ सेंमी. पाऊस पडणाऱ्या मुलखात.

ही झीज थांबलेली नाही. लँडस्केप कमानीची लांबी सुमारे ९३ मी. असून तिचा सर्वांत बारीक भाग दोन मीटरही जाड नाही. १९९१ मध्ये तिच्यातून सुमारे १८ मी. लांबीचा पापुद्रा निखळला. खाली बसलेले पर्यटक धावत सुटल्याने बचावले. त्यानंतर कमानीखालची वाट बंद झाली. ऑगस्ट २००८ मध्ये त्याच वाटेवरची वॉल कमान रात्रीतून कोसळली.

उद्यानातील मुख्य रस्ता सुमारे २९ किमी. आत जाऊन संपतो. परतीची वाटही तीच. मोटारीने युटा पाहणारे बहुतेकजण कॅन्यनलँड्स उद्यानाबरोबर अर्ध्या दिवसात हे ‘उरकतात’, आणि तेथेच चुकतात. रस्त्याच्या शेवटी डेव्हिल्स गार्डन हा उद्यानातला एकमेव तंबूतळ आहे. तेथे सुमारे पन्नास जागा असून मार्च ते ऑक्टोबर या काळासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. पाणी मिळते, मात्र सरपण गोळा करण्यास मनाई आहे. पहाटे तंबूतून बाहेर पडून गर्दी येण्याआधी भिंतींच्या मधून चालता येते, हे मुक्कामाचे खरे फळ.

सर्वांत प्रसिद्ध वाट डेलिकेट कमानीची. जाऊन-येऊन सुमारे ४·८ किमी. अंतर आणि १४६ मी. चढ आहे. सावली जवळपास नाही. मधला मोठा टप्पा उघड्या कातळावरून जातो. तेथे पाऊलवाट उमटत नाही, लगोरीसारख्या रचलेल्या दगडांच्या खुणा शोधत जावे लागते. शेवटी कड्याला बिलगलेली वाट वळते आणि सुमारे १६ मी. उंचीची, एकटी उभी असलेली कमान अचानक समोर येते. उन्हाळ्यात तापमान ३८° से.च्या वर जात असल्याने माणशी दिवसाला चार लिटर पाणी हवे. फायरी फर्नेस या भूलभुलैयासारख्या भागात परवान्याशिवाय किंवा रेंजरच्या सोबतीशिवाय जाता येत नाही.

कातळापेक्षा येथील जमीन नाजूक आहे. वाळूवर दिसणारे काळपट, खडबडीत कवच म्हणजे नील-हरित जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांचे जिवंत आवरण असते. ते वाळू धरून ठेवते, ओल टिकवते आणि मातीला नायट्रोजन पुरवते. एका पावलाने मोडलेले कवच भरून यायला अनेक वर्षे लागतात; म्हणून आखलेली वाट, उघडा कातळ किंवा कोरड्या ओढ्याचे पात्र यांवरूनच चालावे. कातळातील खळग्यांत पावसानंतर साचणारे पाणीही असेच जपावे लागते. इवल्या कोळंबीवर्गीय जीवांची अंडी तेथे कोरड्या गाळात दीर्घकाळ तग धरून असतात आणि पाणी येताच फुटतात. अशा डबक्यात हातही बुडवू नये; त्वचेला चोपडलेल्या मलमाचा अंशही त्यांना अपायकारक ठरू शकतो.